फ्रँचायझी घेण्याआधी ४० रुपयांची वही घ्या

मागच्या भागानंतर तुमचे भरपूर मेसेज आले, त्याबद्दल थँक्यू. त्यातले निम्मे एकाच प्रश्नाचे होते: "दादा, चहाची फ्रँचायझी घेऊ का?" कुणी गेवराईहून विचारतंय, कुणी माजलगावहून, कुणी आष्टीहून. म्हणून आजचा भाग त्यावर. ज्यांना एसटीत रेंज मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे बोललेलं सगळं खाली लिहून देतोय. थोडी काटछाट केलीय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

उत्तर देण्याआधी आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. कारण हाच प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात आला होता, आणि त्यावरून दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

अकरा दिवस

अंबाजोगाईत आमचं नाष्टा सेंटर आहे. पोहे, सुशीला, भजी, पुरीभाजी आणि चहा. आमचे अण्णा एकवीस वर्षं ते चालवतात. मराठवाड्याबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाष्टा. करायला पाच मिनिटं लागतात आणि बिघडायला तीस सेकंद.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सक्त आराम सांगितला. भैया, म्हणजे माझा मोठा भाऊ, म्हणाला, "त्यात काय? मी चालवतो." मीही मदतीला गेलो. पहिल्याच दिवशी सुशीलाचा लगदा झाला. दुसऱ्या दिवशी मीठ जास्त. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याला किती लिटर सांगायचं हेच कळेना, आणि नऊ वाजताच चहा संपला. फोन करून विचारलं, "अण्णा, मुरमुरे किती वेळ भिजवायचे?" पलीकडून उत्तर आलं, "अंदाजानं!"

गिऱ्हाईक भांडलं असतं तरी बरं वाटलं असतं. पण गिऱ्हाईक भांडत नाही. ते गुपचूप समोरच्या गाड्यावर जातं. चौथ्या दिवशी आम्ही शटर खाली ओढलं आणि अण्णा परत येईपर्यंत, म्हणजे एकूण अकरा दिवस, धंदा बसला. पुन्हा उघडल्यावर रोजची माणसं परत यायला दीड महिना गेला. काही अजूनही आलेली नाहीत.

तेव्हा भैया म्हणाला, "आपल्या धंद्यात काही राम नाही. त्यापेक्षा चहाच्या ब्रँडची फ्रँचायझी घेऊ. त्यांचं सगळं सेट असतं." खर्च होता सहा लाख. त्यासाठी आईचं सोनं गहाण ठेवायचं ठरत होतं.

भैयाचं निदान बरोबर होतं. औषध मात्र महाग होतं. ते कसं, ते सांगतो.

फ्रँचायझीत नेमकं विकतात काय?

मी पुण्यात दीड वर्ष एका मोठ्या ब्रँडच्या आउटलेटवर कामाला होतो. तिथे आचारी म्हणावा असा माणूसच नव्हता. एकोणीस-वीस वर्षांची पोरं, त्यातली निम्मी तीन महिन्यांत सोडून जाणारी. तरी प्लेट रोज सारखीच निघायची. कारण काय? तळायच्या कढईला टायमर. मापाला चमचा. प्रत्येक डब्यावर तारीख. सकाळी उघडताना करायच्या कामांची एक यादी, रात्री बंद करतानाची दुसरी. नवीन पोरगा आला की त्याला दोन दिवस कार्ड वाचायला लावायचे, तिसऱ्या दिवशी काउंटरवर.

म्हणजे फ्रँचायझीत बोर्ड मिळतो, रंग मिळतो, नाव मिळतं. पण खरी चीज असते ती पद्धत. साध्या माणसाकडून, रोज, तेच काम तसंच करून घ्यायची पद्धत.

ही कल्पना गाजवली अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड बंधूंनी. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो गावात त्यांचं हॉटेल १९४० पासून चालू होतं. चांगलं चालत होतं, तरी १९४८ मध्ये त्यांनी ते काही काळ बंद ठेवलं आणि कामाची पद्धतच बदलली. मेनूत पंचवीसेक पदार्थ होते, ते नऊवर आणले. पुढे नव्या इमारतीसाठी त्यांनी टेनिस कोर्टवर खडूने किचनचा खऱ्या मापाचा नकाशा काढला आणि कामगारांना त्यात उभं करून काम करताना कोण कुणाला धडकतंय ते बघितलं. १९५४ मध्ये मिल्कशेकची मशिनं विकणारा रे क्रॉक तिथे आला. त्याने ती पद्धत बघितली आणि पुढच्या वर्षीपासून फ्रँचायझी वाढवत नेली. १९६१ मध्ये त्याने दोघा भावांचा हक्क २७ लाख डॉलरला विकत घेतला. बर्गर तर अमेरिकेत गल्लोगल्ली मिळत होता. क्रॉकने पैसे मोजले ते नाव आणि पद्धतीसाठी.

आपल्याकडे हे आधीपासून आहे

आता तुम्ही म्हणाल, दादा, ती अमेरिका आहे. बरं, मग मुंबईला या.

१५ मार्च १९५९. गिरगावात लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात बायका ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तोच आजचा लिज्जत पापड. आज त्यात चाळीस हजारांहून जास्त बायका आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

लिज्जतची पद्धत बघा. पीठ घरी मळत नाहीत. ते शाखेत, ठरलेल्या मापाने मळलं जातं. बायका पीठ घरी नेतात, पापड लाटून-वाळवून परत आणतात. शाखेत वजन होतं, तपासणी होते, मजुरी मिळते. चव बिघडू शकते अशी पायरी एका जागी ठेवली, आणि हातांची गरज असलेलं काम हजारो घरांत वाटलं. म्हणून घरं वेगवेगळी असली तरी पापड एकच.

यातल्या तीन गोष्टी मला फार कामाच्या वाटतात.

पहिली: सुरुवातीला त्यांनी दोन प्रतींचे पापड काढले होते, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा यांनी सांगितलं, एकच चांगला माल काढा आणि त्याच्या दर्जाशी तडजोड करू नका. पद्धत बसवायची तर आधी ठरवायला लागतं की आपला माल म्हणजे नेमका कोणता.

दुसरी: पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. प्रश्न सुटला. म्हणजे पद्धत पहिल्या दिवशी पूर्ण तयार नसते. जिथे अडतं, तिथे एक उपाय जोडायचा.

तिसरी: १९६१ मध्ये त्यांनी मालाडला शाखा काढायचा प्रयत्न केला, तो फसला. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा गुजरातमधल्या वालोडला १९६८ मध्ये निघाली. एका जागी चालणारी गोष्ट दुसऱ्या जागी उचलून नेणं त्यांनाही लगेच जमलं नव्हतं. तुम्हाला पहिल्या वर्षी जमलं नाही तर डोक्याला हात लावून बसू नका.

दुसरं उदाहरण मुंबईच्या डबेवाल्यांचं. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम बहुतेक मावळ भागातल्या माणसांनी पुढे नेलं. एक डबा घरापासून ऑफिसपर्यंत चार-पाच जणांच्या हातांतून जातो. प्रत्येकाला पूर्ण पत्ता माहीत नसतो, आणि माहीत असायची गरजही नसते. झाकणावर रंग, आकडे आणि अक्षरं असतात: कुठून आला, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. कमी शिकलेल्या माणसालाही ती खूण एका नजरेत कळते. याचा उपयोग आम्हाला पुढे कसा झाला ते सांगतोच.

आमची वही

तर मी भैयाला म्हणालो, "सहा लाख नंतर बघू. आधी ४० रुपये दे." त्याची वही आणली. अण्णा बरे झाल्यावर मी सात दिवस त्यांच्या मागे फक्त उभा राहिलो आणि ते जे करतील ते लिहीत गेलो.

अण्णांना हे अजिबात आवडलं नाही. "एकवीस वर्षं काय वहीत बघून केलं का मी?" मी म्हणालो, "अण्णा, तुमच्या हाताला वजन कळतं. माझ्या हाताला कळत नाही. मला काटाच लागणार." मग मी एक युक्ती केली. अण्णांनी अंदाजाने मीठ घेतलं की ते कढईत पडायच्या आधी मी काट्यावर ठेवायचो. सात दिवसांत त्यांचा अंदाज दोन-तीन ग्रॅमच्या वर कधी चुकला नाही. ते बघून खूश झाले ते स्वतःच! त्यानंतर हाक मारून सांगायला लागले, "लिही रे, हळद राहिली तुझी."

वहीत चार भाग झाले.

पहिला भाग: माप. एक किलो मुरमुऱ्यांना कांदा किती, तेल किती, मिरची किती, डाळ्याचा कूट किती. मुरमुरे पाण्यात बुडवून दहा आकडे मोजायचे आणि लगेच उपसून पिळायचे. मुरमुरे जुने असतील तर पंधरा आकडे. बघा, "अंदाज" म्हणजे शेवटी दहा आणि पंधराच निघाले.

दुसरा भाग: वाटप. यानेच आमचे डोळे उघडले. एक किलो मुरमुऱ्यांत अण्णा चोवीस प्लेट काढायचे. भैया आणि कामावरची माणसं एकोणीस. कुणी चोरी करत नव्हतं, हात मोठा होता इतकंच. पाच प्लेट गुणिले २५ रुपये म्हणजे किलोमागे १२५. दिवसाला चार किलो, म्हणजे ५०० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर १३ हजार. आणि माल संपून गिऱ्हाईक रोजच परत जात होतं, म्हणजे ही सरळ गेलेली विक्री. यावर इलाज काय? एका मापाची वाटी. एवढंच.

तिसरा भाग: दिवसाची यादी. पहाटे उघडताना नऊ कामं, दुपारी बंद करताना अकरा. त्यात उद्याच्या दुधाचा फोनही आला.

चौथा भाग: हिशोब. आपल्याकडे गल्ल्यातूनच घरचा किराणा येतो, गल्ल्यातूनच पोराची फी जाते, आणि वर्षअखेरीला म्हणतो की धंद्यात काही उरत नाही. आम्ही दोन डबे केले, दुकानाचा वेगळा आणि घरचा वेगळा. अण्णांचा महिन्याचा पगार ठरवला. मालकाचा पगार ऐकून आई हसली होती, पण त्यामुळेच पहिल्यांदा कळलं की दुकान कमावतं किती.

माणूस जातो, माहितीही जाते

आता हे आपल्या बीड जिल्ह्यात इतरांपेक्षा जास्त का लागतं ते सांगतो.

आमच्याकडे नवरा-बायकोची एक जोडी कामाला होती. कामाला एकदम चोख. पण दसरा झाला की मुकादमाची गाडी येते आणि ती दोघं ऊसतोडीला जातात. उचल घेतलेली असते, जावंच लागतं. कारखान्याचा पट्टा पडल्यावरच ती परत येतात. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरला आमच्याकडे नवीन माणूस, आणि दरवर्षी शिकवायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जिल्ह्यातल्या कितीतरी छोट्या दुकानांचं हेच दुखणं आहे. माणूस जातो तेव्हा माणसाबरोबर माहितीही जाते. ती वहीत असली तर निदान माहिती तरी दुकानात राहते.

पण इथे माझी एक चूक झाली. गेल्या दिवाळीनंतर नवीन मावशी आल्या. मी ऐटीत छापील यादी भिंतीवर लावलेली. चार दिवसांनी लक्षात आलं की मावशींना वाचता येत नाही. त्या संकोचाने बोलल्या नव्हत्या आणि मी विचारलं नव्हतं. तेव्हा डबेवाले आठवले. लाल झाकणाचा डबा पोह्यांचा, पिवळा सुशीलाचा. चमच्यावर रंगाची पट्टी: दोन पट्ट्या म्हणजे दोन चमचे. आठवड्यात मावशी माझ्यापेक्षा चांगली सुशीला करायला लागल्या.

आणखी एक. पद्धत म्हणजे माणसाच्या मानेवर ठेवलेलं जू नाही. यादी हातात घेऊन नुसत्या चुका काढत बसलात तर चांगला माणूस महिन्यात जाईल. लिज्जतमध्ये काम करणाऱ्या बायकाच संस्थेच्या मालक आहेत, नफ्यात त्यांचा वाटा असतो. आपल्याला तेवढं जमणार नाही कदाचित. पण वाटीच्या मापाने जे पैसे वाचले, त्यातला काही भाग आम्ही कामावरच्या माणसांच्या पगारात घातला. मापाची वाटी तेव्हाच मनापासून वापरली जाते.

आणि सगळंच वहीत येत नाही हेही कबूल करतो. पहाटे दवाखान्यातून एखादा पेशंटचा नातेवाईक येतो, चेहरा उतरलेला असतो. अण्णा न मागता त्याच्यासमोर चहा ठेवतात आणि पैसे घेत नाहीत. हे कुठल्या कॉलममध्ये लिहायचं? ते लिहायचं नसतं. मीठ-मिरचीत डोकं अडकलं नाही की अशा गोष्टींकडे लक्ष द्यायला माणूस मोकळा होतो.

मग फ्रँचायझी घ्यायचीच नाही का?

घ्या की! पण हिशोब करून. भैयाबरोबर आम्ही केलेला हिशोब असा होता. सगळे मिळून सहा लाख. दहा रुपयांच्या कपात दूध, साखर, गॅस, कंपनीचा मसाला, भाडं, पगार जाऊन आम्ही दोन रुपये उरतात असं धरलं. म्हणजे सहा लाख सुटायला तीन लाख कप विकायला हवेत. रोज चारशे कप गेले तर ७५० दिवस, म्हणजे दोन वर्षांच्या वर. सोन्यावरचं व्याज वेगळं. आणि त्या दोन वर्षांत त्याच रस्त्यावर आणखी दोन "अमृततुल्य" उघडली तर? तुमचे आकडे वेगळे असतील, पण गणित हेच करा.

सही करण्याआधी एवढं विचारा:

१. आपल्याएवढ्याच गावात ही फ्रँचायझी चालवणाऱ्या तिघांशी स्वतः जाऊन बोलता येईल का? कंपनीने दिलेल्या नंबरवर नाही, प्रत्यक्ष दुकानात जाऊन.

२. आपल्या किती अंतरात दुसरी शाखा देणार नाही, हे करारात लिहिलंय का?

३. कच्चा माल फक्त कंपनीकडूनच घ्यायचा का? त्याचा भाव कोण ठरवणार?

४. धंदा बंद करायची वेळ आली तर डिपॉझिट परत मिळतं का, किती दिवसांत?

५. ते शिकवणार काय? फक्त बोर्ड आणि मसाला देऊन जाणार असतील, तर पद्धत कुठेय?

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा असा एकच कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्यासारख्या साध्या कायद्यांवरच सगळं चालतं. म्हणजे कागदावर जे लिहिलंय त्यालाच वजन. तोंडी "बघून घेऊ" म्हणणाऱ्यावर विसंबू नका, वकिलाला हजार-दोन हजार द्या पण करार वाचून घ्या. आणि मोठ्या ब्रँडच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून पैसे उकळणारे फिरतायत. कुणा माणसाच्या वैयक्तिक खात्यावर "बुकिंग अमाउंट" पाठवू नका.

आणि गंमत सांगतो. ज्याने स्वतःची वही लिहिलीय, त्याला समोरच्याची पद्धत खरी की नुसता रंग, हे दहा मिनिटांत कळतं.

परीक्षा

पद्धत बसली की नाही याची परीक्षा एकच: मालकाने चार दिवस दुकानात पाऊल टाकायचं नाही.

अण्णा चौदा वर्षं पंढरपूरला गेले नव्हते. दर आषाढीला म्हणायचे, "दुकान कोण बघणार?" यंदा आम्ही त्यांना पाठवलं. पहिल्या दिवशी त्यांचे सहा फोन आले, दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी सकाळी ऐन गर्दीत गॅस संपला, आणि भरलेली टाकी नव्हती! यादीत ते कलमच नव्हतं. शेजाऱ्याची टाकी आणली, वीस मिनिटं गेली, चार-पाच गिऱ्हाइकं गेली. पण शटर खाली आलं नाही. त्या रात्री यादीत बारावं काम जोडलं: "भरलेली टाकी आहे का ते हलवून बघणे." चौथ्या दिवशी फोन आलाच नाही. शेवटी आम्हीच काळजीने केला, तर म्हणाले, "अरे, दर्शनाच्या रांगेत आहे, ठेव."

आईचं सोनं कपाटात आहे. भैया आता परळीला दुसरं नाष्टा सेंटर काढायचं म्हणतोय. मी त्याला मालाडच्या शाखेची गोष्ट ऐकवली. तो म्हणाला, "म्हणून तर वही घेऊन जाणारय." बघू या. चाललं तरी सांगेन, नाही चाललं तरी सांगेन.

आता तुमचा गृहपाठ. मोबाइल दुरुस्ती असो, शिवणकाम असो, पिठाची गिरणी असो की कृषी सेवा केंद्र, तुमच्या धंद्यातलं असं एक काम शोधा जे फक्त एकाच माणसाला येतं. ते उद्या त्याच्यासमोर बसून लिहून काढा. मग तो कागद दुसऱ्याच्या हातात द्या आणि तोंड बंद ठेवून बघा त्याला जमतं का. जिथे तो अडेल, तिथे तुमचा कागद चुकलाय, माणूस नाही.

काय लिहिलंत आणि कुठे अडलात ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. निवडक नोट पुढच्या भागात ऐकवतो. तोपर्यंत राम राम!